दोन बोटांनी उचललेली दांडी

दादा रे,

तुला पत्र लिहिणं म्हणजे वेडेपणा, हे मला कळतं. तू गेलास त्याला तिसरं वर्ष लागलं. आणि तू होतास तेव्हा तरी मी कुठं तुला पत्रं लिहीत होतो? कडावहून सायकलवर टांग टाकली की दीड तासात चौकला तुझ्या गॅरेजात! पण आज माझा जीव थाऱ्यावर नाही. दुपारपासून तुझ्या गाडीभोवती, थोरलीभोवती, किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही. हुक बघून आलो, पिन बघून आलो, चाकांचे नट आवळले, आणि आवळून झाल्यावर पुन्हा आवळले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भावजी, एका जागी बसा बरं. नायतर नट तुटून हातात येतील तुमच्या."

म्हणून बसलोय. कुठं, सांगू? आपल्या दातांच्या डॉक्टरांच्या नव्या ट्रेलरमध्ये, आतल्या पलंगावर. बाहेर रंग वाळतोय आणि आत मी वहीचा कागद मांडीवर घेऊन बसलोय.

उद्या सकाळी हा ट्रेलर तुझ्या थोरलीला जोडून खालापूरच्या बाजाराला न्यायचाय. कर्जतपासून रस्ते दोन. एक चौकवरून, तुझ्या गॅरेजच्या दारावरून. दुसरा पळसदरीवरून खोपोलीला निघून मागं खालापूरला यायचं. मी डॉक्टरांना आठवडाभर सांगतोय की पळसदरीचा रस्ता बरा. खोटं सांगतोय, दादा. तो रस्ता लांबचा आहे आणि त्यावर खड्डे आहेत. मला चौक टाळायचं आहे, एवढंच. कारण चौकवरून गेलो तर मला तिथं गाडी थांबवावी लागेल, आणि सात वर्षांपूर्वी आपला पहिला ट्रेलर उलटला तो तुझ्या वेल्डिंगमुळे नाही, माझ्यामुळे, हे तिथल्या चार लोकांसमोर बोलावं लागेल.

हे मला कळून आज अठरा दिवस झाले. तुला मात्र त्याच दिवशी कळलं होतं ना?

थोरली घरी आणलीस तो दिवस आठवतो? धरणाच्या कामावर साहेब लोकांना फिरवणारी ती भलीमोठी गाडी, काम संपल्यावर लिलावात निघाली आणि तू घेतलीस. आठ माणसं मांडी घालून बसतील एवढी आत जागा. चारही चाकं ओढणारी. पत्रा ठिकठिकाणी चेपलेला, एक दरवाजा सुतळीनं बांधलेला. वहिनींनी अंगणात येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर माझी मोठी जाऊ आली!" तेव्हापासून तिचं नाव थोरली.

तुला तर ती पोटच्या पोरीसारखी होती. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तू तासन् तास ऐकत बसायचास. मी विचारायचो, "काय म्हणते रं?" आणि तू मला गप्प राहायची खूण करायचास, कोणी मोठा माणूस फोनवर असल्यासारखी.

मग डॉक्टर आले. तालुक्यातले बाजार फिरून दात काढणारे, खांद्याला पेटी लावून एस्टीनं हिंडणारे आपले डॉक्टर. आबांची दाढ त्यांनी काढली तेव्हा आबा तीन दिवस त्यांना शिव्या घालत होते आणि चौथ्या दिवशी त्यांच्यासाठी वालाच्या शेंगा घेऊन गेले. डॉक्टरांच्या डोक्यात एक खूळ होतं. चाकांवरचं घर पाहिजे. त्यातच झोपायचं, त्यातच स्टोव्हवर चहा करायचा, आणि बाजाराच्या दिवशी दार उघडलं की तिथंच दवाखाना. एक लहान ट्रेलर त्यांनी मिळवला होता. ओढणार कोण? तुझी थोरली!

किती मेहनत घेतलीस तू! मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एकेक पाटा वाढवलास. रेडिएटर ट्रकचा बसवलास, का तर ओझं घेऊन चढणीला लागली की हिचं डोकं तापेल. ब्रेकचे लायनर नवे. आरसे लांब दांड्यांवर, ट्रेलरच्या मागचं दिसावं म्हणून. आणि चासीला तो जाडजूड हुक, ट्रेलरच्या दांडीला ती कडी. कडी जोडताना तू मला जवळ येऊ दिलं नाहीस. डोळ्यांवर काळी काच धरून एकटाच बसलास. झाल्यावर हातोड्यानं ठणठण वाजवून बघितलंस, आणि मला म्हणालास, "ऐकलंस? घंटा हाय घंटा!"

गाडी तू तयार केलीस. ट्रेलर भरायचं काम मात्र मी मागून घेतलं. तुला आठवतं का मी काय म्हणालो? "गॅरेजातलं तू बघ, भरायचं आमाला शिकवू नको." जन्म गेला बैलगाडी भरण्यात. भाताचे भारे, पेंढा, बाजाराच्या गोणी. कडावात माझ्याइतकी तोलून गाडी भरणारा दुसरा कोणी नाही, असं आबा स्वतः सांगायचे, आणि आबा माणसाला सहजी चांगलं म्हणणारे नव्हते.

डॉक्टरांची ती खुर्ची! ओतीव लोखंडाची, चार गडी लागले उचलायला. ती पुढं ठेवली तर दांडी जमिनीत रुतायला लागली, कारण पुढं पाण्याचं पिंप आणि औषधांचं कपाट आधीच होतं. म्हणून मी ती पार मागं नेली, दाराशी. थोडी इकडं, थोडी तिकडं, अर्धा तास घामाघूम झालो. मग आबांना हाक मारली. गाडी भरल्यावर आबा नेहमी करायचे तेच त्यांनी केलं. जू उचलून बघावं तशी ट्रेलरची दांडी दोन बोटांनी उचलून बघितली. उचलली! लोखंडाचं एवढं धूड, आणि दोन बोटांवर! आबांनी अंगणातल्या सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "माज्या धाकट्यानं भरलीय. बैलाच्या मानेला कळायचं बी नाय."

बैलाच्या मानेला! तिथं बैल होता कुठं, दादा? आम्हा दोघांना, बापलेकांना, एवढंही सुचलं नाही. आपल्या घरात ओझं म्हटलं की पहिली मान आठवायची. जनावराच्या मानेवर भार पडला तर पाप लागल्यासारखं. ते चूक होतं असं मला अजूनही म्हणवत नाही.

थांब, एकदा उठून पिन बघून येतो.

आहे. जागेवर आहे. चार वेळा बघितली आज.

तर तो दिवस. कडाव ते कर्जत आणि पुढं चौकपर्यंत रस्ता असा की गाडी चालते की झोपते कळू नये. ट्रेलर मागून मुकाट येत होता. चौकला हायवेवर लागलो आणि तुझं तोंड खुललं. डांबरी, रुंद, गुळगुळीत रस्ता! गॅरेजच्या रांगेवरून जाताना तू हॉर्नवरचा हात काढला नाहीस. सगळे मेस्त्री बाहेर आले. कोणी टोपी हलवली, कोणी शिट्टी मारली. डॉक्टर तर मंत्र्यासारखे हात जोडत होते. काटा चाळिसाला टेकला.

दोन फर्लांगही गेलो नसू. त्या बारीकशा उतारावर मागून कोणीतरी थोरलीची कंबर धरून हलवल्यासारखं झालं. तू म्हणालास, "वारा हाय काय?" मग पुन्हा हलवलं, जास्त जोरात. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे. तू ब्रेक दाबलास. त्यानंतर मला फक्त आवाज आठवतो. थोरली एकदम हलकी होऊन पुढं सुटली, आणि मागं वळून बघतो तर डॉक्टरांचं घर कापलेल्या भाताच्या वावरात चाकं वर करून पडलेलं. खुर्ची भिंत फोडून बाहेर, बांधावर उताणी. औषधाच्या बाटल्या, कवळ्या, स्टोव्ह, सगळं चिखलात.

कोणाला खरचटलं नाही. पण डॉक्टर बांधावर, त्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि कवळ्या वेचायला लागले. त्यांचा चेहरा तू बघितला होतास ना? मी बघितला नाही. मला बघवला नाही.

आणि मग चौकचे मेस्त्री धावत आले. ट्रेलरच्या दांडीला कडी नाही, कडी इकडं थोरलीच्या हुकातच लोंबकळतेय, एवढं त्यांनी बघितलं आणि निकाल दिला. त्यांच्यातला सगळ्यात जुना, ज्याला तू गुरूच्या जागी मानायचास, तो म्हणाला, "दत्तू, वेल्ड सुटलं रं तुजं."

तू वाकून कडी बघितलीस. बराच वेळ बघितलीस. मग माझ्याजवळ आलास. "सदा, खुर्ची कुटं ठेवलीवतीस?"

"मागं. तोलून. दोन बोटांनी दांडी उचलत होती. आबांनी सोता बघितली."

"आबांनी बघितली?"

"मंग! सगळ्यांसमोर."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, तुझं स्वतःचं काम चुकलं म्हणून माझ्यात खोट शोधतोयस. मला रागही आला, दादा! तोंडात आलंही होतं, "आपलं झाकायला माझ्यावर नको." पण त्याआधी तू मेस्त्रींकडे वळलास आणि म्हणालास, "आसंल. माजंच चुकलं आसंल."

एवढंच. एवढ्यावर सगळं संपलं.

चौकला चासीचं काम तुझ्याकडे येईनासं झालं. ट्रकवाले मुंबईहून निघाले की चौकला थांबायचे ते तुझ्या हातासाठी. तेच आता शेजारच्या दारात गाडी लावायचे. चहाच्या हॉटेलात कोणाचा कप फुटला तरी लोक म्हणायचे, "दत्तूनं जोडलावता काय?" तू हसायचास. मीही एकदा हसलो होतो. ते तुला दिसलं होतं, मला माहीत आहे.

वर्षभरात गॅरेज मिटवून तू कडावला आलास. पाण्याची इंजिनं, नांगराचे फाळ, पिठाच्या गिरणीचा पट्टा. ज्या हातांनी थोरली उभी केली त्या हातांनी तू लोकांच्या सायकलींचे स्टँड जोडलेस.

आणि त्या वर्षीचा तो पेंढा! तू एक लहानशी ट्रॉली केली होतीस थोरलीच्या मागं, पेंढा कर्जतला न्यायला. मी भरायला हात घातला तर तू म्हणालास, "तू ऱ्हाव दे. मी भरतो." मी! कडावातला मी! आणि माझ्या हातचा पेंढ्याचा भारा काढून तू पुढं, पार दांडीच्या टोकाकडं रचत बसलास. दांडी दाबून खाली गेली. मी म्हटलं, "अरं, बैलाची मान मोडंल अशानं." तू म्हणालास, "हिला मान नाय." मला वाटलं टोमणा मारतोयस. त्या दिवसापासून पुढच्या भातलावणीपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. एका घरात, एका पंगतीला, आणि अबोला! वहिनी दोघांना आळीपाळीनं वाढायच्या आणि दोघांवर चिडायच्या.

आता कळतंय की तू मला तेव्हा सांगतच होतास. पण असं कोण सांगतं? चार शब्दांत का नाही सांगितलंस? "सदा, तुझ्या भरण्यानं ट्रेलर हलला," एवढं म्हणायला काय झालं होतं? आबा असेपर्यंत नको, असं असेल. ठीक आहे. आबांची ती दोन बोटं सगळ्या गावानं बघितली होती आणि तुला म्हाताऱ्याला खाली बघायला लावायचं नव्हतं. पण आबा गेल्यावर? त्यानंतर तू दोन वर्षं होतास! संध्याकाळी ओट्यावर विडी ओढत दोघं बसायचो. बोलायला विषय नसायचा. तेव्हा का नाही बोललास?

मग तुला ती कावीळ झाली. दहा दिवसांत आटपलं सगळं. शेवटी शेवटी तू थोरलीचं बोलायचास. "तिला महिन्यातनं एकदा चालू कर," म्हणालास. मी केली, दादा. दर महिन्याला केली. सांगण्यासारखं तेवढं एकच केलं मी.

या दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा आले. केस पार पांढरे, पण खूळ तसंच! कुठल्याशा बंद पडलेल्या कामाच्या छावणीतून साहेबांच्या मुक्कामाचा हा ट्रेलर त्यांनी मिळवलाय. पहिल्याच्या दीडपट लांब. पलंग, ओटा, हात धुवायचं भांडं, दोन्ही बाजूंना खिडक्या. मला म्हणाले, "दत्तूची गाडी आहे ना अजून? तीच ओढेल हा. दुसऱ्या कशावर माझा विश्वास नाही." ज्याचं घर तुझ्या गाडीमागून वावरात गेलं तो माणूस सात वर्षांनी पुन्हा त्याच गाडीपाशी आला होता.

मी कामाला लागलो. तुझ्यासारखं नाही, पण तुझं बघून बघून जेवढं हातात उतरलं तेवढं. कमानीत आणखी एक पाटा चढवला. रेडिएटर सोडवून धुतला, त्यातून मूठभर गंज निघाला. ब्रेक चारही चाकांचे उघडले. पानाही कानाला लावून बघितला. मला काही ऐकू आलं नाही, पण लावला. आणि मागच्या सीटखालची पेटी उपसताना सगळ्यात खाली, गोणपाटात गुंडाळलेली ती कडी सापडली.

तू जपून ठेवली होतीस! का? मी उजेडात नेऊन बघितली. कडीला दांडीचा बोटभर फाटका पत्रा चिकटलेला होता. तुझ्या वेल्डिंगची रेघ कडीभोवती अख्खी, एकही चीर नाही. जोड शाबूत होता, शेजारचा पत्रा कापडासारखा फाटला होता. मग फाटला कशानं? तो प्रश्न घेऊन मी दोन दिवस फिरलो, आणि खरं सांगायचं तर उत्तर शोधायची मला भीती वाटत होती.

उत्तर आपण होऊन आलं. डॉक्टरांनी खालापूरच्या एका हवालदार काकांना धाडलं, नजर टाकायला म्हणून. पलटणीत आयुष्यभर गाड्या चालवलेला माणूस. मी तोवर ट्रेलर भरून ठेवला होता. कसा? जसा येतो तसा. तीच खुर्ची, पुन्हा मागं. काकांनी दांडी एका हातानं उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि मला विचारलं, "कोनी भरला ह्यो?"

मी छाती काढून म्हटलं, "मी."

"बैलं कुटं हायत?"

"कसली बैलं?"

"मंग मानेची काळजी कुनाची करतोस रं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "दांडी हुकावर दाबून बसली पायजे. उचलताना दोन मानसांना घाम फुटला पायजे. मागं वजन टाकलंस का ह्यो शेपूट हालवनार. हळू जाशील तवर गुमान येईल. जोर धरलास का गाडीला बी घिऊन जाईल. पटत नसंल तर चल."

गेलो. कर्जतच्या वाटेवर तो सरळ तुकडा आहे ना, तिथं. काटा पस्तिसावर आला आणि दादा, तीच! तीच कंबर धरून हलवणारी ओढ! माझा पाय ब्रेककडे गेला तर काका ओरडले, "ब्रेक नको! नुसता पाय सोड!" आपोआप हळू होत गाडी थांबली. मग वाटेवरची चार माणसं बोलावून आम्ही खुर्ची पुढं आणली, पिंप मागं नेलं. दांडी जड झाली. पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच काट्यावर गेलो. ट्रेलर मागं आहे की नाही हे आरशात बघावं लागलं, इतका सरळ.

मी गाडीतून उतरून बांधावर बसलो. काकांना वाटलं घाबरलो. मी विचारलं, "काका, असं हललं तर कडी सुटते?"

"वेल्ड वाईट आसंल तर कडी सुटंल. चांगलं आसंल तर पत्रा फाटंल. पन कायतरी जानारच."

तिथं मला रडू आलं. भर रस्त्यात, परक्या माणसासमोर. काका बिचारे मला तंबाखू देत होते आणि मी नको नको म्हणत होतो.

ती कडी चौकच्या हॉटेलात टेबलावर आपटली असतीस तर? "बघा माजा जोड!" एवढं म्हणाला असतास तर? तुझं गॅरेज राहिलं असतं. ट्रकवाले राहिले असते. पण मग लोकांनी पुढचं विचारलं असतं, जोड चांगला तर पत्रा का फाटला, आणि तू वाकून बघितलंस त्या क्षणी ते उत्तर तुझ्यापाशी होतं. तू भावाला आणि बापाला वाचवलंस, असं आता मी म्हणायचं का? मला तसं म्हणायला आवडत नाही. मला तुझा राग येतो. माझ्याकडून माझी चूक काढून घ्यायचा तुला काय अधिकार होता? सात वर्षं मी ताठ मानेनं हिंडलो रे! लोकांच्या गाड्या भरून दिल्या. तुझ्या कामाबद्दल कोणी बोललं की खाली बघितलं, जसा काही भाऊ म्हणून मोठ्या मनानं तुला सांभाळूनच घेतोय!

अठरा दिवस हे पोटात घेऊन फिरलो. आज दुपारी वहिनींना सांगितलं. त्या या ट्रेलरच्या खिडक्यांचे पडदे शिवत बसल्या होत्या. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. खुर्ची, दोन बोटं, हवालदार काका, कडी, सगळं. बोलताना त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मशिनच्या चाकाकडे बघत होतो. ते चाक एकदाही थांबलं नाही. माझं संपलं, त्यांची शिवणही संपली. त्यांनी दातानं दोरा तोडला.

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी कवा म्हनले त्यांचा हात चुकला?"

मी म्हटलं, "वहिनी, मला माफ..."

"माफी-बिफी ठेवा तिकडं. तुमाला ठाऊक नवतं, त्ये कळलं मला. पन आता ठाऊक हाय ना? मंग चौकला सांगा. जितं त्ये बोलले, तितं."

मी म्हटलं, आपण पळसदरीवरून जायचं ठरवतोय. त्यांनी दुसरा पडदा मशिनखाली घातला. "तुमचं तुमी बघा," म्हणाल्या. आणि चाक पुन्हा सुरू.

तेव्हापासून मी नट आवळतोय. भीती कसली, ते तुला सांगायला हवं का? लोक हसतील. कडावात उद्यापासून त्या दोन बोटांवर बोलतील. हॉटेलात कप फुटला की आता माझं नाव निघेल. डॉक्टर शेजारी बसून ऐकणार. सात वर्षं एस्टीनं पेटी वाहिली त्यांनी, ती माझ्यामुळे, हे त्यांना तिथंच कळणार. ते मला गाडीतून उतरवतील का? उतरवलं तर खालापूरपर्यंत थोरली कोण नेणार? आणि आबांचं नाव घ्यायचं की नाही? मी ठरवलंय, नाही घ्यायचं. भरणारा मी होतो. तुला हे पटेल असं वाटतं.

वहिनी आत आल्यात. पडदे लावायला. मी कागद झाकला तर म्हणाल्या, "लिवा, लिवा. मी नाय बघत." पडदे निळे आहेत, बारीक फुलांचे. छान दिसतायत रे. आता त्या स्टुलावरून उतरल्यात आणि मला विचारतायत, "उद्या किती वाजता निघायचं?"

"सातला. का?"

"मी बी येते. मागच्या सीटवर बसंन. चौकला काच खाली करायला लागंल ना, नीट ऐकू यायला?"

दादा, मी हो म्हटलं. त्यांच्या बाजूची काच अडकते, ती मी आता तेल घालून सैल करून ठेवतो. उद्या चौकला, गॅरेजच्या रांगेत, तुझ्या जुन्या दारासमोर मी थोरली बंद करीन. खाली उतरीन. म्हातारा मेस्त्री अजून बसतो तिथं, त्याला आधी हाक मारीन, मग बाकीच्यांना. आणि वहिनींना मागच्या सीटवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगीन की माझ्या भावाचा जोड सुटला नव्हता.

तुझा धाकटा,
सदा